दूरचित्रवाणी लेखकाचे चरित्र कसे लिहावे : नायजेल नील यांचे उदाहरण

ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी लिहिणाऱ्या लेखकाचे चरित्र मराठीत लिहायला घेणाऱ्याने जन्मतारखेपासून आरंभ न करता आधी प्रक्षेपणांचा तक्ता तयार करावा. कादंबरीकाराची पुस्तके ग्रंथालयात राहतात, नाटककाराचे प्रयोग पुन्हा लागतात. परंतु १९५० च्या दशकातील दूरचित्रवाणी लेखकाचे काम एका संध्याकाळी दिसे आणि अनेकदा कायमचे नाहीसे होई. म्हणून प्रत्येक कृतीपुढे प्रक्षेपणाची तारीख, वाहिनी, भागांची संख्या आणि मुद्रण (रेकॉर्डिंग) आज शिल्लक आहे की नाही, एवढे चार रकाने ठेवावेत. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातील १९२३ पासूनची कार्यक्रमपत्रिका बीबीसीने जीनोम या नावाने महाजालावर खुली केली असून बीबीसीच्या तारखा तेथेच ताडून पाहाव्यात. मात्र छापील पत्रिका आधी तयार होत असल्याने ऐनवेळी झालेले बदल तिच्यात सापडत नाहीत, हे विसरू नये.

नायजेल नील यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांच्या आडनावातील पहिले अक्षर उच्चारले जात नाही, त्यामुळे देवनागरीत ‘नील’ असेच लिहावे. त्यांच्या पत्नी, बालसाहित्यिका ज्युडिथ यांचे आडनावही ‘केर’ नव्हे तर ‘कार’ असे उच्चारले जाते. नील यांचा जन्म १९२२ साली इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस येथे झाला, पण ते वाढले आइल ऑफ मॅन या बेटावर. हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. तेव्हा ‘इंग्लिश लेखक’ असे सरसकट लिहून मोकळे होऊ नये. कायद्याचे शिक्षण, त्यानंतर लंडनच्या राडा या नाट्यसंस्थेतील प्रशिक्षण आणि कथासंग्रहाला मिळालेले १९५० चे सॉमरसेट मॉम पारितोषिक, एवढा पूर्वार्ध एका परिच्छेदात आटोपावा. अभिनयाचे प्रशिक्षण घेतलेला कथाकार दूरचित्रवाणीकडे वळला, ही त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

खरा वेळ द्यावा तो निर्मितीच्या पद्धतीला. १९५३ च्या उन्हाळ्यात बीबीसीने सहा भागांत दाखवलेली ‘द क्वेटरमास एक्सपेरिमेंट’ ही नील यांची विज्ञानकथा मालिका लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रक्षेपित झाली. नट एका नेपथ्यातून दुसऱ्या नेपथ्यात पोहोचेपर्यंत पडद्यावर काय दिसणार, कोणता प्रसंग आधी चित्रित करून ठेवायचा आणि वेशभूषा बदलायला किती अवधी लागेल, याचा विचार संहितेतच व्हावा लागे. म्हणून या काळातील संहिता वाचताना लांबलेला संवाद दिसला, की तो लेखकाचा दोष ठरवण्याआधी त्या वेळी कॅमेऱ्याबाहेर काय चालले असेल हे पाहावे. मुद्रण करायचे झाल्यास पडद्यावरील चित्राचेच फिल्म कॅमेऱ्याने चित्रण करीत. या मालिकेचे पहिले दोनच भाग असे जतन झाले आणि उरलेले चार आज कोणालाही पाहता येत नाहीत. मला ही गोष्ट मनापासून खटकते, कारण ज्या शेवटच्या भागासाठी ही मालिका स्मरणात राहिली, तोच हाती नाही.

यापुढचा भाग श्रेयाचा, आणि येथे चरित्रकाराने कसून प्रश्न विचारावेत. मूळ कल्पना कोणाची, रूपांतर कोणाचे, दिग्दर्शक कोण? रविवार, १२ डिसेंबर १९५४ रोजी सादर झालेले ‘नाइन्टीन एटी-फोर’ हे जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीचे नील यांनी केलेले रूपांतर होते, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्तिए यांचे आणि नायक पीटर कुशिंग. त्यातील भयाचे पडसाद थेट संसदेत उमटले. तरीही त्याच आठवड्यात गुरुवारी सर्व नटसंचाने ते नाटक पुन्हा थेट सादर केले. आज जे मुद्रण उपलब्ध आहे ते या दुसऱ्या प्रयोगाचे आहे, त्यामुळे रविवारी प्रेक्षकांनी नेमके काय पाहिले याविषयी त्यावरून विधान करताना जपून करावे.

श्रेयाइतकाच हक्कांचा प्रश्नही चरित्रात आला पाहिजे. नील त्या वेळी बीबीसीच्या सेवेत असल्याने हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने १९५५ मध्ये त्यांच्या पहिल्या मालिकेवर चित्रपट काढला तेव्हा त्यांचा शब्द चालला नाही, आणि ब्रायन डॉनलेव्ही या नटाने रंगवलेला नायक, प्रोफेसर क्वेटरमास, त्यांना अजिबात पसंत नव्हता. लंडनच्या दूरध्वनी-निर्देशिकेतून आडनाव शोधून स्वतः घडवलेले पात्र दुसऱ्यांच्या हाती गेलेले पाहणे, हे त्यांच्या पुढील कारकिर्दीचे एक कारण म्हणून वाचले पाहिजे.

उत्तरार्धात सारख्या लांबीच्या नोंदी करू नयेत. १९६८ चे ‘द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स’ रंगीत प्रक्षेपित झाले, पण शिल्लक आहे ते कृष्णधवल. निर्जन बेटावर राहणाऱ्या कुटुंबाचे दुःख करमणूक म्हणून अहोरात्र दाखवण्याची त्यातील कल्पना सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण असे कार्यक्रम प्रत्यक्षात येण्याला अजून तीन दशके होती. १९७२ च्या नाताळला दाखवलेले ‘द स्टोन टेप’ हे भिंतीतील दगडाने भूतकाळ टिपून ठेवावा, या तर्कावरचे नाटकही तितकेच महत्त्वाचे. १९८१ ची विनोदी मालिका मात्र एका वाक्यात उरकली तरी चालेल. २००६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

शेवटी हरवलेल्या कृतींची वेगळी नोंद करावी आणि ती केवळ संहितेवरून लिहिली आहे, हे वाचकाला स्पष्ट सांगावे. १९६३ च्या ‘द रोड’ या नाटकाचे मुद्रण उरलेले नाही, संहिता आहे. २०१८ मध्ये तिच्यावरून रेडिओ नाटकही झाले. अठराव्या शतकातील एका खेड्यात रानातून ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांना लोक भूतबाधा समजतात, आणि त्या किंकाळ्या भविष्यातील अणुयुद्धातून पळणाऱ्या माणसांच्या असतात. अशी संहिता मोठ्याने वाचावी, कारण तिच्यातले आवाज कागदावर फक्त सूचना म्हणून उरले आहेत.