यादी डाळीपासून लिहावी : ओढाताणीच्या महिन्यात चौघांचे पोषण

महिन्याचे पैसे कमी पडू लागले की वाण्याच्या यादीतील कोणत्या जिनसांवर पहिली काट पडते, हे प्रत्येकाने आपल्या घरात एकदा नीट पाहावे. बहुतेक घरांत गहू, तांदूळ, तेल, साखर आणि चहापूड यांना हात लागत नाही. तूरडाळ मात्र दोन किलोंवरून एक किलोवर येते, मूग-मटकी पुढच्या महिन्यावर ढकलली जाते, दूध अर्ध्यावर येते आणि आठवडी बाजारातून कांदे-बटाटे तेवढे घरी येतात. पोटे भरत असल्यामुळे काही बिघडले आहे हे लगेच जाणवतही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी तीन महिने पगार झाला नव्हता, तेव्हा मी हीच चूक केली. आमटी रोज थोडी पातळ होत गेली, मुले भाकरी तिच्यात कुस्करून खात राहिली आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस धाकटी संध्याकाळी अभ्यासाला बसली की पेंगू लागली. हे केवळ डाळ कमी केल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. परंतु तेव्हापासून आमच्या घरी यादी लिहिण्याचा क्रम उलटा झाला, आणि तो क्रमच येथे सविस्तर सांगत आहे.

यादीत सर्वांत वर डाळी आणि कडधान्ये लिहावीत. दोन मोठी माणसे आणि शाळेत जाणारी दोन मुले असे कुटुंब धरले, तर रोज पाव किलो कोरडी डाळ किंवा कडधान्य शिजले पाहिजे, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. हा आकडा ऐकून अनेकजणी दचकतात, पण त्याचा हिशेब सोपा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दिवसभराच्या भाकरी-पोळी-भातातून त्यांतील ३० ग्रॅमच्या आसपास मिळतात, पण धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो. डाळींत तो भरपूर असतो आणि डाळींत जे कमी असते ते धान्यात असते, म्हणून दोन्ही मिळून जेवण पुरे होते. वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि पिठले, बाजरी आणि मटकीची उसळ या जोड्या आपल्याकडे उगाच रूढ झालेल्या नाहीत. त्यांतला डाळीचा भाग पातळ केला की जोडी मोडते आणि ताटात नुसते धान्य उरते.

साडेसात किलो म्हणजे साडेसात किलो तूरडाळ नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. आपण वरणाला तूरच हवी असे धरून बसतो आणि तिचा भाव चढला की सगळ्याच डाळी महाग झाल्याचा समज करून घेतो. तूर दोन किलोच घ्यावी आणि उरलेले साडेपाच किलो मसूर, हरभरा डाळ, मटकी, मूग, चवळी, हुलगे यांत वाटावे. त्या महिन्यात ज्याचा भाव उतरला असेल त्याला त्यांत मोठा वाटा द्यावा. तूर आणि हरभरा साधारण जानेवारी ते मार्च या काळात बाजारात येतात, तर मूग आणि उडीद भाद्रपदाच्या सुमारास. ज्या घरात चार पैसे शिल्लक राहतात, त्यांनी नव्या मालाच्या वेळी दोन-तीन महिन्यांपुरते भरून ठेवावे. एकट्याने पन्नास किलोंचा कट्टा घेणे झेपत नसेल, तर चाळीतल्या किंवा गल्लीतल्या चार घरांनी मिळून तो घ्यावा आणि वजनावर वाटून घ्यावा. आम्ही तूरडाळ आणि ज्वारी दोन्ही अशीच घेतो.

कोणती वस्तू स्वस्त आणि कोणती महाग हे किलोच्या भावावरून ठरवू नये, तिच्यातून दहा ग्रॅम प्रथिने किती रुपयांना मिळतात यावरून ठरवावे. समजा, डाळ १२० रुपये किलो आहे. किलोभर डाळीत सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे दहा ग्रॅमना साडेपाच रुपये पडले. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले, तर त्यांत सुमारे २५० ग्रॅम प्रथिने असल्यामुळे तिथेही तेवढाच खर्च येतो. सात रुपयांच्या एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, म्हणजे दहा ग्रॅमना अकरा-बारा रुपये. ५६ रुपये लीटरच्या दुधातून तीच दहा ग्रॅम सतरा-अठरा रुपयांना मिळतात आणि ४०० रुपये किलोच्या पनीरमधून बावीस रुपयांना. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याइतकी प्रथिने असतात, त्यामुळे १४० रुपये किलोने त्या तीन रुपयांच्या आतच पडतात. हे भाव केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, आपल्या दुकानातले भाव घालून प्रत्येकीने हे गणित स्वतः मांडावे. एकदा मांडले की पनीरसाठी जीव टाकण्याचे कारण उरत नाही. ज्यांच्याकडे मासे चालतात त्यांनी सुकट आणि जवळा यांनाही या हिशेबात धरावे. मूठभर जवळा कांद्यावर परतला की चौघांच्या भाकरीला पुरतो.

डाळीनंतर धान्य लिहावे. चौघांना महिन्याला साधारण तीस किलो धान्य लागते. शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची असेल, तर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार माणशी पाच किलो, म्हणजे चौघांचे वीस किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला पस्तीस किलो मिळते आणि २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबाला आपला शिधा तेथील रास्त भाव दुकानातूनही उचलता येतो, त्यासाठी गावी खेप घालावी लागत नाही. ‘रेशनचे कोण खाणार’ म्हणून हे धान्य सोडून देणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. ते निवडून, पाखडून, ऊन दाखवून वापरावे आणि वाचलेले पैसे थेट डाळीच्या ओळीत न्यावेत. उरलेले दहा किलो ज्वारी, बाजरी किंवा नाचणी घ्यावी. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, त्यामुळे दूध कमी करणे भागच पडले तर मुलांच्या आहारात नाचणीची भाकरी किंवा आंबील हटकून ठेवावी. बाजरी मात्र एका वेळी आठवड्यापुरतीच दळून आणावी, कारण तिचे पीठ लवकर कडू होते आणि मग ते टाकून द्यावे लागते.

आता स्वयंपाकाकडे येतो. पाव किलोचे माप पाळण्याची सोपी रीत अशी की एक वाटी वजन करून ठरवावी आणि ती डाळीच्या डब्यातच ठेवावी, म्हणजे सासूबाई शिजवोत की मुलगी, माप बदलत नाही. सकाळी वरण किंवा आमटीला शंभर ग्रॅम आणि संध्याकाळी उसळ, पिठले किंवा डाळ घातलेल्या भाजीला दीडशे ग्रॅम अशी वाटणी आम्हाला सोयीची पडली. मटकी रात्री भिजवून सकाळी उपसून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात, तिचे वजन दुपटीहून अधिक भरते आणि कोरड्या मटकीत जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोडांत तयार होते. हुलग्याचे शेंगोळे किंवा कुळथाची पिठी ही कोकणातली आणि देशावरची दोन्हीकडची पोटभरीची वस्तू आहे. वरणफळे म्हणजेच चकोल्या केल्या की डाळ आणि कणीक एकाच पातेल्यात शिजते आणि वेगळी पोळी-भाजी लागत नाही. शिळे वरण उरले तर त्यात कणीक आणि ज्वारीचे पीठ भिजवून थालिपीठ लावावे. बेसन विकत घेण्याऐवजी हरभरा डाळ गिरणीतून दळून आणावी, ते भेसळीच्या दृष्टीनेही बरे.

डाळ अर्धा तास आणि कडधान्य रात्रभर भिजवले, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक केला आणि कुकरमध्ये वरण, भात आणि एखादी भाजी एकावर एक लावली, तर सिलिंडर नक्कीच जास्त दिवस पुरतो. कडधान्य लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा टाकू नये, त्याने ब गटातील जीवनसत्त्व नष्ट होते.

भाजीच्या बाबतीत एकच नियम आहे, जे बाजारात ढिगाने आले आहे तेच घ्यावे. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, पावसाळ्यात दोडका, भोपळा, काकडी आणि जिथे मिळतात तिथे टाकळा, कुर्डू, अंबाडी. आठवडी बाजार उठायच्या वेळी भाजी वाट्यावर स्वस्त मिळते, परंतु पालेभाजी तेवढ्यासाठी उशिरा घेऊ नये, ती घरी येईपर्यंत मान टाकते. अर्धा किलो भाजी चौघांना पुरवायची असेल तर बटाटा घालून वाढवण्याऐवजी डाळ घालून वाढवावी. मेथीत मुगाची डाळ, दुधीत हरभरा डाळ, कोबीत पीठ पेरणे, वांग्यात दाण्याचे कूट, हे सगळे आपल्या आयांनी याच कारणासाठी केले. मुळ्याचा आणि बिटाचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे कोवळे देठ टाकून देऊ नयेत. दोडक्याच्या शिरांची चटणी तर अनेक घरांत दोडक्याच्या भाजीपेक्षा आवडीने खाल्ली जाते. परसात किंवा गल्लीत शेवगा असेल तर त्याच्या शेंगांइतकाच त्याचा पाला मोलाचा आहे, तो डाळीत घालून शिजवावा. भाजी मिळालीच नाही अशा दिवशी डाळकांदा करावा. फळांत हिवाळ्यात पेरू आणि आवळा यांवर भर द्यावा, क जीवनसत्त्वाच्या बाबतीत दोन्ही संत्र्याच्या पुढे आहेत.

एवढे सगळे लिहून झाल्यावरच तेल, साखर आणि चहा यांच्या ओळी लिहाव्यात. चौघांना महिन्याला अडीच लीटर तेल पुरते. ते पुरवायचे तर पळीने ओतणे सोडून चमच्याने मोजून घ्यावे आणि तळण आठवड्यातून एका दिवसावर आणावे. आमच्या घरी खरी बचत झाली ती बिस्किटे, फरसाण आणि लहान लहान पुड्यांतून. पाच-दहा रुपयांचे पुडे रोज दोन धरले, तरी महिन्याला तीनशे ते सहाशे रुपये होतात आणि त्यात अडीच ते पाच किलो डाळ येते. मुलांना शाळेतून आल्यावर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यावा किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. मुले सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या वर्गांत असतील तर तेथील दुपारचे जेवण त्यांनी जेवावे असे आवर्जून सांगावे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी त्यात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने देण्याचा दंडक आहे. घरात सहा वर्षांखालचे मूल, गर्भवती किंवा स्तनदा माता असेल तर अंगणवाडीत नाव नोंदवून तिथला आहार घ्यावा. मिठात काटकसर करून बिनआयोडिनचे खडे मीठ मात्र आणू नये.

ताट वाढण्याविषयी मला थोडे कळकळीने लिहायचे आहे. आपल्याकडे घरची बाई शेवटी जेवते, आणि ओढाताणीच्या महिन्यात शेवटी जेवणारीच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची आमटी किंवा नुसती चटणी-भाकरी येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. डाळीचे माप पाव किलो ठेवले आणि ते तिघांतच संपले, तर या साऱ्या हिशेबाला अर्थ उरत नाही. उसळ शिजली की चारही वाट्या एकदम भराव्यात आणि घरच्या बाईची वाटी झाकून बाजूला ठेवावी. जेवणात लिंबाची फोड असावी, कारण तिच्यामुळे भाजी-डाळीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते लागू देत नाही, म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

भरलेला माल वाया गेला तर सगळी काटकसर फुकट जाते. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात चोळून ठेवावा, ज्वारी-गहू कडक उन्हात वाळवून, निवल्यावर, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह कोठीत भरावेत. बोरिक पावडर मात्र वापरू नये, ती पोटात जाणे चांगले नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेला सगळे डबे उघडून पाहावेत, प्रत्येकात किती उरले ते वहीत लिहावे आणि मगच पुढची यादी करावी. डाळ उरलेली दिसली, तर ती पुढच्या महिन्यात वजा न करता या महिन्यात कोणत्या दिवशी आमटी पातळ झाली ते आठवून पाहावे.