टॉकबॅकवर चिडता चिडता टेस्टिंगच्या नोकरीपर्यंत

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होत जाणारा आजार. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, आणि बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला सांगली स्टँडवर एसटीची पाटी वाचता येईना झाली तेव्हा पहिल्यांदा मोबाईलमधला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, चालू केला. पंधरा मिनिटात बंद पण केला. एकदा बोट लावलं की नुस्तं नाव वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टॅप, सरकवायला दोन बोटं, सगळंच उलटं. नवीन असाल तर आठवडाभर चिडा, पण बंद करू नका. आणि घरच्यांना दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीनेक सेकंद एकदम दाबून तो चालू-बंद कसा होतो हे आधी शिकवून ठेवा. आमच्या भावजींनी एकदा माझा फोन उचलला, तो बोलायला लागला तसं ते थेट मोबाईलच्या दुकानात, आणि दुकानदार रिसेट मारायच्या तयारीत! रिक्षा करून गाठलं म्हणून वाचला.

कॉम्प्युटरला एनव्हीडीए, हा पण तसाच स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करननं सुरू केला, तो स्वतः अंध. माऊस काढून कपाटात ठेवा. वेबसाईटवर एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की लिंक, बी दाबलं की बटन, एवढ्यावर निम्मं काम होतं. आवाजाचा स्पीड हळूहळू वाढवत न्या, आता माझा ऐकला की आई विचारते मिक्सर लावलायस काय.

खरा वैताग मराठीचा. क्लासच्या नोट्स म्हणून येणाऱ्या कितीतरी पीडीएफ जुन्या फॉन्टमधल्या, डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, तो फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठीचं चित्र चढवतो, मग स्क्रीन रीडर जे आत आहे तेच वाचणार ना. भाषा बदलून, आवाज बदलून काही होत नाही. मूळ वर्ड फाईल मागा आणि कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या, म्हणजे आत खरी मराठी अक्षरं येतात, स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर. टाईप करायला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डच शिका, डाव्या हाताला स्वर-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, एफ आणि जे वरचे उंचवटे चाचपले की बोटं जागेवर.

आता नोकरीचं. तेव्हा मी मामांच्या हळदीच्या अडतीवर हिशोबाला बसायचो. एका ॲपात पैसे पाठवायच्या पानावर तीन बटणं, आणि तिन्हीवर टॉकबॅक नुस्तं 'अनलेबल्ड' म्हणायचा. कुठलं दाबलं तर पैसे जातील आणि कुठलं दाबलं तर रद्द होईल, काय कळणार? मी कस्टमर केअरला चिडून लिहायचो, तुमचं ॲप चालत नाही. उत्तर ठरलेलं, ॲप काढून परत टाका. मग कॉलेजातल्या एका सीनियरनं सांगितलं, अरे रडू नको, रिपोर्ट लिही. फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, कुठलं पान, काय केलं, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला पाहिजे होतं. तसं लिहून पाठवलं आणि दोन अपडेटनंतर त्या बटणांना नावं आली. ॲक्सेसिबिलिटी टेस्टरचं, म्हणजे ॲप-वेबसाईट अपंगांना वापरता येते का हे तपासणाऱ्याचं काम म्हणजे बहुतेक हेच, आपण ते रोज फुकटात करत असतो.

म्हणून महागड्या कोर्सच्या आधी असे वीस रिपोर्ट लिहून ठेवा, मला इंटरव्ह्यूत तेच कामाला आले. डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले नियम हळूहळू वाचा, पाठ करत बसू नका, २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची आहे. बिननावाचं बटन म्हणजे नियम ४.१.२ मोडला, कीबोर्डनं न चालणारं काही म्हणजे २.१.१, हे हाताखालून गेलं की आपोआप बसतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मात्र लगेच काढा, सरकारी भरतीत २०१६ च्या कायद्यानं किमान ४ टक्के जागा आहेत, त्यातली १ टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांना.

इंग्रजीची भीती मला पण होती, तासगावकडचं पोरगं मी. रिपोर्टला दोन ओळींचं साधं इंग्रजी लागतं, तेवढं येतं.

आणि लॅपटॉप घेताना दुकानदार भारी स्क्रीन गळ्यात मारेल, त्यावर पैसे घालू नका. एसएसडी बघा, कीबोर्ड दाबून बघा, उरलेल्यात हेडफोन घ्या. माझा ब्राईटनेस कायम शून्यावर असतो, सांगलीत विश्रामबागेत आमच्या रूमवर लाईट गेली की रूममेट चार्जिंगसाठी धावाधाव करतात आणि मी आपला बसलेलो असतो अंधारात काम करत.