पानापासून रोप करायचंय? आधी पान कुठलं ते बघा

कुठलंही पान मातीत खोचलं की झाड येतं असं नाही. सुरुवात करायची तर पानफुटीनेच करा. ठाण्यात, नवी मुंबईत कोणा ना कोणाच्या ग्रिलमध्ये ती असतेच आणि एक पान मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. जून, जाड पान घ्या, कोवळं नको. त्याच्या कडेला खाचा दिसतील, प्रत्येक खाचेत एक डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, तयार असतो पण झाडावर असेपर्यंत तो सहसा गप्प बसतो, पान तुटलं की फुटायला लागतो. म्हणून पान पुरायचं नाही, ओलसर मातीवर नुसतं आडवं ठेवायचं, कडा मातीला टेकल्या पाहिजेत एवढंच. एक-दोन आठवड्यांत खाचांतून बारीक पांढरी मुळं आणि इवलीशी पानांची जोडी दिसते. खत वगैरे काही घालू नका, सगळं पाणी आणि अन्न त्या जाड पानातच साठवलेलं असतं, ते हळूहळू सुरकुततं तेव्हा घाबरून काढून टाकू नका प्लीज. रोपाला चार पानं आली की मग वेगळं करा.

स्नेक प्लांटचं वेगळं आहे. तिथे तयार डोळा नसतो, कापलेल्या जागेतून नवीन तयार व्हावा लागतो त्यामुळे महिने लागतात. पानाचे तीन-चार इंचांचे तुकडे करा आणि खालच्या बाजूला पेनाने खूण करा, हे खरंच महत्त्वाचं आहे कारण उलटा खोचला तर तुकडा रुजत नाही. दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, काप सुकू दे, मग अर्धी रेती अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून त्यात उभे खोचा. जुलैच्या पावसात मात्र ग्रिलमध्ये ठेवू नका, आपल्याकडच्या सततच्या ओलीत तुकडे खालून कुजतात, खिडकीच्या आत ठेवा आणि माती सुकल्यावरच पाणी द्या.

आणि पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट असेल तर पानापासून करूच नका, नवीन रोपं साधी हिरवी येतात. पिवळा काठ आणि आतला हिरवा भाग हे मुळातच वेगळ्या पेशींचे थर आहेत, नवा कोंब आतल्या भागातून येतो. काठ हवाच असेल तर कुंडीतून झाड काढून गड्डा मुळांसकट वेगळा करा.

झेडझेड प्लांटचं एकेक पान देठाकडून खोचलं तरी चालतं, आधी मातीत छोटा कंद होतो आणि वर कित्येक महिने काहीच दिसत नाही, उकरून बघू नका.

मनी प्लांटचं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मुळं येतात, छान येतात, पण वेल कधीच फुटत नाही कारण डोळा पानात नसून वेलीच्या पेरावर, म्हणजे पान जिथून फुटतं त्या गाठीवर असतो. एक पेर धरूनच कापा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पानफुटी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी उंच ठेवा, ती जनावरांना विषारी आहे.