कॉलर दिसली नाही, म्हणजे पक्षी मेला का?

बडोद्याहून डभोईमार्गे वढवाण्याच्या तलावावर पोचलात की आधी दुर्बीण पुसा, चहा मग. पट्टकादंब या रानहंसाच्या मानेतल्या कॉलरवरचा, म्हणजे ओळखपट्टीवरचा नंबर वाचताना ८ चा ३ होतो. मी एकदा असाच एक मेलेला पक्षी वहीत जिवंत केला होता! शंका आली की ती नोंद सोडा.

आता हिशेब. समजा, ५० पक्ष्यांना कॉलर घातली, दुसऱ्या वर्षी ३० दिसले. जगले ६० टक्के? छे. तिसऱ्या वर्षी १६ दिसले, त्यांतले १२च दुसऱ्या वर्षी नोंदलेले. उरलेले चार दुसऱ्या वर्षी जिवंत होतेच, फक्त दिसले नाहीत. म्हणजे जिवंत असूनही चारांत एक नजरेतून सुटतो. ३० ला ०.७५ ने भागा: ४०. जगण्याचं प्रमाण ८० टक्के. कायमचा दुसरीकडे गेलेला मात्र यात मेलेल्यांतच धरला जातो.