रात्री बर्फ पडणार असेल, तर कामाचा दिवस कसा लावावा

न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्यांना जानेवारी-फेब्रुवारीतला हा दिवस चांगला ओळखीचा असतो: बर्फ संध्याकाळनंतर पडणार असतो, कचेरीचे काम घरून चालू असते, आणि घरातली कामे नेहमीपेक्षा अधिक असतात. अशा दिवशी बहुतेकांचा वेळ फोनवरचा हवामानाचा नकाशा पुन्हा पुन्हा उघडण्यात जातो. त्याऐवजी कामे त्यांच्या गरजेप्रमाणे वेगळी करावीत. काहींना वीज लागते, काहींना दिवसाचा उजेड लागतो, आणि उरलेल्यांना केवळ हात लागतात. हा क्रम पाळला, तर जुन्या संगीतपटांसाठीही दिवसात जागा निघते.

सकाळच्या चहाबरोबर नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज एकदाच, पण नीट वाचावा. ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे ते येऊन ठेपले आहे किंवा येणार हे जवळजवळ नक्की आहे. किती इंच बर्फ पडणार याकडेच सगळ्यांचे लक्ष असते, परंतु माझ्या मते तापमानाचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. ढोबळ हिशेबाने एक इंच पावसाच्या पाण्याचा दहा इंच बर्फ होतो. मात्र पारा ३२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असेल, तर तेवढ्याच पाण्याचा पाच-सहा इंच ओला, जड बर्फ होतो, जो फांद्यांवर आणि तारांवर चिकटून बसतो. वीज जाते ती बहुधा अशा बर्फाने. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ दिसायला पुष्कळ असला, तरी ढकलायला हलका असतो.

ओल्या बर्फाचा अंदाज असेल, तर विजेची कामे दुपारपर्यंत संपवावीत. पहिली मीटिंग सुरू होण्यापूर्वी कपडे मशीनला लावावेत, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते ड्रायरमधूनही निघतात. फोन, लॅपटॉप आणि बॅटऱ्या चार्ज करून ठेवाव्यात. कुकर सकाळीच लावावा आणि दुसऱ्या दिवसाची भाजी, आमटी आताच करून ठेवावी. वीज गेल्यावर फ्रीज उघडला नाही, तर आतले अन्न सुमारे ४ तास सुरक्षित राहते, आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत थंडावा धरतो. अर्धा रिकामा असेल, तर ही मुदत निम्म्यावर येते. म्हणून फ्रीझरमधली मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी, फक्त बाटल्या काठोकाठ भरू नयेत.

उजेडाची कामे जेवणाच्या सुट्टीत करावीत, कारण या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारते. फावडे आणि बर्फ वितळवायच्या मिठाची पिशवी मागच्या शेडमधून काढून दाराशी आणावी. शेडच्या दारापुढेच दीड फूट बर्फ साचला, तर आतल्या फावड्याचा काही उपयोग नसतो. साधे खडे मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसे काम करत नाही, त्यामुळे त्याहून कडक थंडी असेल, तर कॅल्शियम क्लोराइड आणावे. गाडीत पेट्रोल भरून घ्यावे आणि वायपर उभे करून ठेवावेत. एक काम मात्र हमखास राहून जाते. फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि ड्रायरच्या नळ्या भिंतीतून कोठे बाहेर निघतात, ते चालत जाऊन पाहून यावे. त्यांची तोंडे बर्फाने बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो, आणि त्याला वास नसल्याने घरच्यांना कळतही नाही. या वायूच्या अलार्मची बॅटरीही त्याच फेरीत तपासावी.

केवळ हातांची कामे चारनंतर काढावीत: कपड्यांच्या घड्या, इस्त्री, मेथी निवडणे, कपाट आवरणे. संगीतपट लावायची वेळ हीच. कचेरीचे लिखाण चालू असताना तो लावू नये; गाण्यातले शब्द ईमेलमध्ये शिरतात. चित्रपट आधी पाहिलेलाच निवडावा, कारण नवा चित्रपट डोळे मागतो आणि घड्या तशाच राहतात. ‘व्हाइट ख्रिसमस’ (१९५४) या दिवसाला चपखल बसतो. व्हरमाँटमधल्या एका हॉटेलात सगळे बर्फाची वाट पाहत असतात आणि तो काही केल्या पडत नाही. चौघांनी आगगाडीत म्हटलेले बर्फाचे गाणे पाठीमागे चालू ठेवूनही पुरेपूर ऐकता येते. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४) मध्ये हिमस्खलनाने खिंड वसंतापर्यंत बंद पडते, म्हणजे विषय जुळतो. पण त्यातला गोठा उभारतानाचा नाच मायकेल किडने असा बसवला आहे की इस्त्री हातात असताना तो पाहणे धोक्याचे. त्याच्या जोडीला मेथीची जुडीच बरी.

इस्त्रीचा ढीग मोठा असेल, तर ‘माय फेअर लेडी’ (१९६४) लावावा. तो जवळजवळ तीन तासांचा आहे, त्यात मध्यंतरही आहे, आणि त्याचे आणि ‘ती फुलराणी’चे मूळ नाटक एकच असल्याने ‘ती फुलराणी’ पाहिलेल्या माणसाला कथेसाठी पडद्याकडे बघावेच लागत नाही. त्यातली ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात आहेत. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. विजेचा भरवसा नसेल, तर चित्रपट दुपारीच टॅब्लेटवर उतरवून घ्यावा.

पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून झोपण्यापूर्वी बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवावीत आणि पारा २० अंशांच्या खाली जाणार असेल, तर तेथील नळ बारीक धारेने चालू ठेवावा. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली नेऊ नये.

बर्फ रात्रीतून थांबणार नसेल, तर तीन-चार इंच साचताच फावड्याचा एक हात फिरवावा. सकाळी एकदम बारा इंच उपसण्यापेक्षा पाठीला ते सोसते. बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावा. हृदयविकार असलेल्यांनी हे काम सरळ दुसऱ्याकडे द्यावे. गाडीच्या टपावरचा बर्फही काढावा. न्यू जर्सीत तो तसाच ठेवून गाडी चालवल्यास २५ ते ७५ डॉलर दंड होतो. ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहावे आणि बर्फ आपल्या उजव्या हाताला टाकावा. नगरपालिकेचा नांगर (रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारी गाडी) डावीकडून येतो, त्यामुळे डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेचा थोडा पट्टा मोकळा केला, तर नांगराने ढकलत आणलेला बर्फ तेथेच पडतो आणि साफ केलेले तोंड पुन्हा बुजत नाही.