जॅक नसलेल्या फोनला इअरफोन जोडताना या चुका टाळा

सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ गोल पिनच्या जॅकशिवाय आला. ओप्पो आर५ आणि मोटो झेड यांनी हे आधीच केलं होतं, पण वारं फिरलं ते आयफोननंतर. गूगलने २०१७ मध्ये पिक्सेल २ मधून जॅक काढला, सॅमसंगने २०१९ मध्ये नोट १० मधून. आता नाशिकच्या एमजी रोडवर प्रधान पार्कात फोन घ्यायला गेलात तर महागड्या फोनला जॅक शोधूनही सापडत नाही. साडेतीनचा कनेक्टर, म्हणजे फोनच्या पोर्टमध्ये लावून त्यात साडेतीन मिलिमीटरची गोल पिन घालायचा छोटा जोड, मात्र प्रत्येक काउंटरवर टांगलेला असतो, आणि चुकीची खरेदी बहुतेक वेळा तिथेच होते.

सगळे टाइप-सी कनेक्टर सारखेच समजणे

दिसायला एकसारखे असले तरी हे दोन जातीचे असतात. एकात नुसत्या तारा असतात. फोनने स्वतः टाइप-सीच्या पिनांवर अ‍ॅनालॉग आवाज सोडला तरच तो चालतो. वनप्लस ६टी, हुआवे पी२० असे काही फोन तसा सोडतात. दुसऱ्यात डॅक नावाची बारीक चिप असते. ती फोनकडून डिजिटल आवाज घेते आणि इअरफोनला लागणारा अ‍ॅनालॉग करून देते. पिक्सेल आणि जॅक नसलेल्या सॅमसंग गॅलेक्सीला हाच लागतो. तारवाला लावलात तर फोन ढिम्म राहतो, आणि दोष उगाच पोर्टवर जातो.

पाकिटावर ‘डॅक’ किंवा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असं काही छापलेलं असेल तर बहुधा चिपवाला. खात्री करायची तर लॅपटॉपच्या टाइप-सीत लावा. साउंड सेटिंगमध्ये नवीन उपकरण दिसलं तर चिप आहे, काहीच हललं नाही तर आत फक्त तारा.

चिपवाला घेऊनही आवाज येत नसेल तर ओप्पो, रियलमी, विवो, वनप्लसच्या अनेक फोनांत सेटिंगमधलं ओटीजी (पोर्टला बाहेरची उपकरणं जोडू देणारी सोय) चालू करावं लागतं. काही वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. सकाळी चालणारा कनेक्टर दुपारी मुका झाला तर आधी तिथे बघा. अ‍ॅपलचा टाइप-सी कनेक्टर चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज फारच बारीक येतो.

आयफोन ७ ते १४ ला टाइप-सी नव्हे, अ‍ॅपलच्या स्वतःच्या लाइटनिंग पोर्टचा कनेक्टर लागतो. यातले काही स्वस्त कनेक्टर ब्लूटूथ चालू केल्याशिवाय चालत नाहीत. म्हणजे पोर्टमधून ते फक्त वीज घेतात आणि आवाज हवेतूनच जातो. वायरीचे पैसे देऊन वायरलेस घेण्यात काय अर्थ? दुकानातच ब्लूटूथ बंद करून बघा.

काउंटरवर फक्त गाणं वाजवून बघणे

आपला फोन आणि आपलाच इअरफोन घेऊन जा. गाणं वाजवा, कनेक्टर मुळाशी हळूच हलवा, खरखर होते का ऐका. मग व्हॉइस रेकॉर्डर चालू करून इअरफोनच्या माइकवर नखाने टिचकी मारा. टकटक ठसठशीत रेकॉर्ड झाली तर माइक पोचतोय. लांबून आल्यासारखी वाटली तर फोनचाच माइक चालू आहे. एक कॉल लावून मधलं बटणही दाबून बघा.

पिनवरचे काळे पट्टे मोजा. तीन असतील तर माइकसह, दोन असतील तर फक्त स्टिरिओ. गाडीची ऑक्स केबल दोन पट्ट्यांची असते, कॅमेऱ्याचे बरेच कॉलर माइकही तसेच. असा माइक थेट कनेक्टरला लावून रील शूट केलं तर आवाज फोनच्याच माइकचा येतो.

वाद्यं ठणठणीत पण गायक खोल विहिरीतून गातोय असं वाटलं तर पिन पूर्ण आत गेलेली नाही, किंवा इअरफोन जुन्या जोडणीचा आहे. त्यात माइक आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. माइकचं बटण दाबून धरल्यावर आवाज नीट झाला तर दुसरं कारण नक्की.

ब्लूटूथकडून वायरीची अपेक्षा

मीटिंग सुरू झाली की बड्समधला आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो, कारण माइक चालू होताच ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर जातं आणि दर्जा पडतो. लॅपटॉपवर इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा, आउटपुटला बड्स ठेवा.

पंचवटी एक्सप्रेसच्या भरल्या डब्यात आवाज तुटतो तेव्हा बड्स खराब नसतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि पाण्याने भरलेली माणसाची शरीरं हीच लहर शोषतात. फोन मागच्या खिशातून काढून वरच्या खिशात ठेवा. एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त दर्जाचा आवाज पाठवण्याची पद्धत) ९९० केबीपीएसवर असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शनमधून ३३० वर आणा. दर्जा थोडा उतरतो, पण गाणं सलग वाजतं.

ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. व्हिडिओ प्लेअर हा उशीर सांभाळून घेतो. गेम आणि हार्मोनियमची अ‍ॅप्स तो सांभाळू शकत नाहीत, तिथे वायरच हवी.

एफएम गृहीत धरणे

आकाशवाणी नाशिक १०१.४ फोनवर लागायचं ते इअरफोनच्या वायरीमुळे, तीच अँटेना होती. केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली, पण चिपवाल्या कनेक्टरमधून अँटेनाची जोडणी साधारणपणे फोनपर्यंत पोचत नाही. घरातल्या आजोबांसाठी फोन घेताना हे दुकानात आधी विचारा.

पोर्टमध्ये टाचणी घालणे

एकच भोक चार्जिंगला आणि ऐकायला वापरलं की खिशातला कापूस त्यात दाबून बसतो आणि कनेक्टर सैल वाटू लागतो. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने कडेकडेने कोरा. मधल्या पातळ जिभेला हात लावू नका. ती मोडली तर पोर्टच बदलावा लागतो. पावसाळ्यात ओलाव्याची सूचना आली तर पोर्ट खाली करून, फोन हलकेच आपटून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात घातलात तर कोंडा आत जातो.