क्लचने हवा धरली? ब्लीडिंगआधी हवेची वाट शोधा

पेडल मऊ लागतं, पहिला गिअर अडत पडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते आणि दोन-तीनदा पंप मारला की सगळं ठीक. ही क्लचच्या ऑइलच्या पाइपात हवा शिरल्याची खूण. ती हवा बाहेर काढणं म्हणजे ब्लीडिंग. पेडल दाबून धरलेलं असताना नागपूरच्या व्हरायटी चौकातल्या सिग्नलला गाडी हळूच पुढे सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचं (पेडलने ऑइलवर दाब देणारा भाग) आतलं वायसर (दाब अडवणारं रबर) गेलंय. त्यावर ब्लीडिंगचा उपयोग नाही.

आधी ब्रेक ऑइलची डबी बघा, क्लचही त्याच ऑइलवर चालतो. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबी असते आणि क्लचचा पाइप तिच्या बाजूला, वरच्या अंगाला जोडलेला असतो. त्यामुळे पातळी उतरली की ब्रेक व्यवस्थित लागतात, पण क्लच हवा ओढतो. मग पेडलच्या दांड्यापाशी, मॅटखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर दोष मास्टरचा. खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्हचं (त्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) रबरी बूट सोलून आत बघा. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असेल तर ऑइल बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीचं कवच) तळातून टपकतं. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लचप्लेटही तपासून घ्या.

सगळं कोरडं असूनही हवा येत असेल तर फसू नका. वायसरची कड दाबाखाली घट्ट बसते, पण पेडल सुटताना ढिली पडून हवा आत घेऊ शकते. अशा वेळी रबरी होज खास क्लॅम्पने दाबा (साध्या पकडीने होज आतून फाटतो). पेडल कडक झालं तर मास्टर ठीक, दोष खाली. मऊच राहिलं तर वर.

दोष काढल्यावरच ब्लीडिंग. डबीवर लिहिलेल्या ग्रेडचं, बहुतेकदा डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद अर्धा लिटर ऑइल घ्या. स्लेव्हवरच्या निपलला (हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सोडून लगेच आवळायचं, त्यानंतरच पेडल सोडायचं. पेडल खालीच राहिलं तर हाताने वर ओढा. भराभर पंप मारू नका, ऑइलला फेस येतो. दर चार-पाच वेळांनी डबी भरा. निपल सर्वांत उंच जागी नसेल तर स्लेव्ह सोडून निपल वर येईल असा तिरपा धरा. मात्र पुशरॉड (पिस्टनला टेकलेला दांडा) आत दाबलेला ठेवा, नाहीतर पिस्टन बाहेर येईल.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. सकाळी पेडल कडक आणि दुपारी मऊ असेल, तर ओलावा धरलेल्या जुन्या ऑइलवर संशय घ्या. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. ऑइल काळं पडलं असेल तर पूर्ण बदला.

वायसर पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. ब्रेक ऑइलनेच पुसा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता.